क्रीडांगण : नोत्र दामचा येता हंगाम

या सदरात बहुधा आपल्या आसपासच्या मैदानांचा विचार असतो. आज मात्र वाचकांस सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील साउथ बेंड या गावी न्यावयाचे आहे. तेथे पवित्र मरियेच्या नावाने उभे असलेले नोत्र दाम हे कॅथलिक विद्यापीठ आहे. आणि त्याचा फुटबॉल संघ ६ सप्टेंबर २०२६ रोजी, म्हणजे मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या अवघे दोन दिवस अगोदर, आपल्या नव्या हंगामास प्रारंभ करीत आहे. गेल्या वर्षी या संघाच्या तोंडाशी आलेला घास हिरावला गेला. यंदा त्याच्याकडून कितपत आशा बाळगावी, आणि तो कशाच्या बळावर मैदानात उतरणार आहे, हा आजच्या लेखाचा विषय होय.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्या गोव्याच्या किंवा बेळगावच्या मैदानांवर खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू अंडाकृती असतो आणि पायापेक्षा हातानेच तो अधिक खेळला जातो. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी असतात. ज्यांच्या हाती चेंडू असेल त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. सरकले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न सरकले तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्टीत चेंडू नेला म्हणजे सहा गुण मिळतात, आणि त्यानंतर तो लाथेने दोन खांबांच्या मधून उडविला की आणखी एक गुण मिळतो. पट्टीत न शिरता दुरूनच खांबांमधून चेंडू उडविल्यास तीन गुण मिळतात. चढाईची सर्व सूत्रे ज्या गड्याच्या हाती असतात त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू खांबांमधून उडवून मिळणारा तो एक गुण वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचीच कथा सांगावयाची आहे.

एका हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्यास साधारण बाराच सामने येतात. त्यामुळे एखादा पराभवदेखील फार महाग पडतो. नोव्हेंबरअखेर हे सामने संपले म्हणजे एक निवड समिती संघांचा अनुक्रम लावते, आणि बारा संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या बाद फेरीत जातात. बहुतेक मोठ्या विद्यापीठांचे संघ निरनिराळ्या गटांत विभागलेले आहेत, व पाच गटविजेत्यांसाठी त्या बारांत जागा राखून ठेवलेल्या असतात. नोत्र दाम मात्र फुटबॉलपुरते कोणत्याच गटात नाही. ते स्वतंत्र आहे. आणि स्वातंत्र्याची जी किंमत असते ती त्याने मोजलेलीही आहे.

या संघाकडे लक्षावधी कॅथलिकांचे डोळे का लागलेले असतात, हे समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे. होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली काही ब्रदरांच्या साहाय्याने रानातील एका तळ्याकाठी या विद्येच्या मंदिराचा पाया घातला. याच संघाचे मिशनरी १८५३ साली आपल्या उपखंडात बंगालमध्ये आले, आणि पुढे १९४९ साली त्यांनी ढाक्यास जे महाविद्यालय काढले तेही आज नोत्र दाम याच नावाने ओळखले जाते. इंडियानातील विद्यापीठाची मुख्य इमारत २३ एप्रिल १८७९ रोजी जळून खाक झाली. फादर सोरिन तेव्हा वृद्ध झाले होते. परंतु त्यांनी हाय खाल्ली नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नव्या इमारतीत वर्ग भरू लागले. आज तिच्या सुवर्णघुमटावर मरियामातेचा पुतळा उभा आहे, आणि त्या घुमटाचा रंगच खेळाडूंच्या शिरस्त्राणांवर असतो.

फुटबॉल येथे आला तो १८८७ साली. शेजारच्या मिशिगन विद्यापीठाच्या खेळाडूंनी येऊन तो शिकविला आणि पहिल्याच सामन्यात शिष्यांना ८-० असे हरविले. संघाचे नाव देशभर गाजले ते नूट रॉकनी यांच्यामुळे. नॉर्वेत जन्मलेला हा स्थलांतरिताचा मुलगा शिकागोच्या टपाल कचेरीत नोकरी करून पैसे साठवून विद्यापीठात आला. पुढे १९१८ ते १९३० अशी तेरा वर्षे प्रशिक्षक असताना त्यांच्या संघाने १०५ सामने जिंकले आणि केवळ १२ गमावले. जन्माने लूथरन असलेले रॉकनी १९२५ साली कॅथलिक झाले. १९३१ च्या मार्चअखेर विमान अपघातात त्यांचा अंत झाला, तेव्हा सारा देश हळहळला.

तो काळ अमेरिकेतील कॅथलिकांस सोपा नव्हता. आयर्लंड, पोलंड, इटली येथून आलेली गरीब कुटुंबे खाणींत व कारखान्यांत राबत होती, आणि त्यांच्या धर्मनिष्ठेवर उघड संशय घेतला जात होता. कू क्लक्स क्लॅन ही कॅथलिकद्वेष्टी संघटना इंडियानात विशेष प्रबळ होती. १९२४ च्या मे महिन्यात तिचे लोक साउथ बेंडमध्ये जमले असता विद्यार्थ्यांशी त्यांची चकमकही झाली. अशा दिवसांत मरियेच्या नावाचा संघ मोठमोठ्या संघांना नमवितो, ही वार्ता ज्यांनी महाविद्यालयाची पायरीही कधी चढली नव्हती अशा घरांत सणासारखी साजरी होई. आपणही या देशात आपली नावे मान ताठ ठेवूनच सांगू शकतो, हा धीर त्या कुटुंबांना एका खेळाने दिला. म्हणूनच नोत्र दामचा विजय वा पराजय हा केवळ विद्यार्थ्यांचा विषय राहिलेला नाही.

नोत्र दामच्या नावावर ११ राष्ट्रीय अजिंक्यपदे आहेत. परंतु शेवटचे १९८८ सालचे. त्यानंतर तरुण पिढी म्हातारी होत आली, तरी बारावे पद हाती आलेले नाही. अलीकडे मात्र आशा पुन्हा पालवली आहे, आणि तिचे श्रेय मार्कस फ्रीमन यांना दिले पाहिजे.

फ्रीमन यांचा जन्म १९८६ चा. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन, सैन्यात नोकरी केलेले, आई कोरियन. स्वतः फ्रीमन उत्तम खेळाडू होते, परंतु हृदयाच्या विकारामुळे त्यांना ऐन तारुण्यात खेळ सोडावा लागला. डिसेंबर २०२१ मध्ये ते नोत्र दामचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि २०२२ साली त्यांनी कॅथलिक धर्माची दीक्षा घेतली. सामन्यापूर्वी संघाने एकत्र पवित्र मिस्सात सहभागी व्हावे, या प्रथेस ते फार जपतात. मिस्सानंतर खेळाडूंना संताचे पदक दिले जाते. खेळाडूंपैकी सर्वच कॅथलिक नाहीत. तरीही मैदानातील गोंगाटापूर्वी घटकाभर शांत बसणे त्यांना मोलाचे वाटते.

फ्रीमन यांच्या संघात एक मोठा गुण आणि एक मोठा दोष आहे. पडल्यावर उठण्याची विलक्षण ताकद हा गुण, आणि आरंभीच पडणे हा दोष. २०२२ साली पहिले दोन्ही सामने गेले. ७ सप्टेंबर २०२४ रोजी नॉर्दर्न इलिनॉय या तुलनेने लहान संघाने घरच्या मैदानावर १६-१४ असा धक्का दिला. त्यानंतर मात्र सलग तेरा सामने जिंकून नोत्र दाम थेट अंतिम सामन्यात पोहोचले आणि २० जानेवारी २०२५ रोजी ओहायो स्टेटकडून ३४-२३ असे हरले. मुख्य प्रशिक्षक म्हणून एखाद्या कृष्णवर्णीयाने अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत संघ नेण्याची ती पहिलीच वेळ होती.

२०२५ सालीही तेच घडले. परंतु या वेळी दैवाने हात दिला नाही. ३१ ऑगस्टला मायामीने २७-२४ असे हरविले. १३ सप्टेंबरला टेक्सास ए अँड एम विरुद्धच्या सामन्यात अखेरची तीन मिनिटे उरली असता नोत्र दाम ४० विरुद्ध ३४ असे पुढे गेले. आता खांबांमधून चेंडू उडवून तो एक सोपा गुण घ्यावयाचा होता. परंतु चेंडू धरणाऱ्याच्या हातून तो नीट सावरला गेला नाही व गुण गेला. सामना संपण्यास १३ सेकंद असताना प्रतिपक्षाने अखेरच्या प्रयत्नात पट्टी गाठली, आपला तो एक गुण न चुकता घेतला आणि ४१-४० असा विजय मिळविला. दोन सामन्यांत मिळून चार गुणांची काय ती उणीव!

त्यानंतर नोत्र दामने उरलेले दहाच्या दहा सामने जिंकले, आणि तेही प्रत्येक वेळी किमान दहा गुणांच्या फरकाने. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निवड समितीच्या यादीत हा संघ दहावा व मायामी बारावा होता. शेवटच्या शनिवारी दोघांपैकी कोणीच खेळले नाही. परंतु मधला ब्रिगहॅम यंग हा संघ हरून खाली घसरला, आणि समितीने दोघांची थेट तुलना करताना ऑगस्टमधील तो सामना पुढे आणला. ७ डिसेंबरला मायामी दहावे व नोत्र दाम अकरावे ठरले. अकरावा संघ बारांत सहज बसावा असे कोणासही वाटेल. परंतु राखीव जागांवर यादीत खालच्या क्रमांकाचे दोन गटविजेते आले आणि नोत्र दामला दार बंद झाले. पुढे मायामी अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि १९ जानेवारी २०२६ रोजी इंडियाना विद्यापीठाकडून २७-२१ असे हरले. म्हणजे ज्या संघाशी तीन गुणांनी हार झाली तो देशात दुसरा आला. आणि आपला संघ मात्र घरी बसला.

या ठिकाणी एक अवघड प्रश्न उभा राहतो. बाद फेरीत न घेतलेल्या चांगल्या संघांना वर्षअखेरीस एक मानाचा सामना दिला जातो. नोत्र दामने तो नाकारला. खेळाडूंचे मन दुखावले होते, आणि समितीचा निर्णय कठोर होता, हे खरे. शेवटच्या आठवड्यात न खेळताच क्रम खाली जावा याचा राग कोणासही येईल. तथापि आमच्या मते तो सामना खेळावयास हवा होता. ज्यांचे ते विद्यापीठातील अखेरचे वर्ष होते त्यांची सोबत्यांसह उतरण्याची शेवटची संधी गेली. शिवाय, मेजवानीत मानाचे आसन न शोधता शेवटच्या जागी बसावे, असे आपल्या प्रभूने एका दाखल्यात शिकविले आहे. मरियेच्या नावाच्या संघाने अपमान गिळून शेवटच्या जागी बसून दाखविले असते, तर त्या साक्षीचे मोल एखाद्या अजिंक्यपदाहून कमी झाले नसते. काही वाचकांस हे मत पटणार नाही. पण क्रीडांगणावरील स्वाभिमान कोठे संपतो आणि मानापमान कोठे सुरू होतो, याचा विचार आपल्या गावच्या संघांनीही करण्यासारखा आहे.

आता येत्या हंगामाकडे वळू. नोत्र दामसाठी २०२६ पासून एक नवा नियम लागू आहे. समितीच्या अखेरच्या यादीत हा संघ पहिल्या बारांत असेल तर त्यास बाद फेरीत हक्काची जागा मिळेल. हाच नियम गेल्या वर्षी असता तर अकराव्या क्रमांकावर दार उघडले असते. तेव्हा यंदा समितीवर बोट दाखविण्यास जागा उरलेली नाही. जे काही घडेल ते स्वतःच्या कर्तृत्वाने.

बळाची बाजू पाहता पहिले नाव येते क्वार्टरबॅक सीजे कार यांचे. त्यांचे आजोबा लॉइड कार हे मिशिगनचे प्रशिक्षक होते व त्यांच्या संघाने १९९७ साली अजिंक्यपद मिळविले होते. ज्या मिशिगनने १८८७ साली हा खेळ शिकविला, त्याच मिशिगनच्या घरातील नातू आज नोत्र दामची सूत्रे सांभाळतो, हा योग मोठा मौजेचा आहे. २०२५ च्या आरंभी कार नवखे होते, आणि पहिल्या दोन सामन्यांत तो नवखेपणा संघास भोवला असे म्हणावयास हरकत नाही. आता एक पूर्ण हंगाम त्यांच्या गाठीशी आहे. बचावात लेनर्ड मूर यांच्यासारखा गडी आहे. २०२५ च्या अखिल अमेरिकन संघात त्यांची निवड झाली होती. प्रतिपक्षाने दूर फेकलेला चेंडू अडविण्यात त्यांचा हातखंडा आहे.

उणे बाजूही लहान नाही. चेंडू घेऊन धावणारे जेरेमाया लव्ह व जडेरियन प्राइस हे दोघेही व्यावसायिक खेळाकडे वळले. लव्ह हे २०२५ साली देशातील सर्वोत्तम धावगडी म्हणून गौरविले गेले, आणि सर्वश्रेष्ठ खेळाडूच्या हाइझमन पारितोषिकाच्या मतदानात तिसरे आले. अडचणीच्या वेळी चेंडू लव्ह यांच्या हाती द्यावा आणि निश्चिंत व्हावे, ही सोय आता गेली. जो भार दोघांनी वाहिला तो नव्या खांद्यांवर पडेल, आणि कार यांच्या बाहूंवरही.

पहिलाच सामना विस्कॉन्सिनशी आहे, ग्रीन बे येथील प्रसिद्ध लॅम्बो मैदानावर. विस्कॉन्सिनचा संघ २०२५ साली दुबळा ठरला. परंतु त्याचे प्रशिक्षक ल्यूक फिकेल यांच्याच हाताखाली फ्रीमन यांनी सिनसिनाटी येथे २०१७ ते २०२० अशी चार वर्षे काम केले होते. शिष्याचे मर्म गुरूइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? ऑक्टोबरमध्ये मॉर्मन पंथीयांच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या मैदानावर जावयाचे आहे. ती वाट बिकट आहे. जेसुइटांच्या बॉस्टन कॉलेजशी कॅथलिक घरातलीच लढत होईल. आणि ७ नोव्हेंबरला मायामीचा संघ साउथ बेंडला येईल. हंगामाचा निकाल बहुधा त्या दिवशी लागेल.

नौदलाच्या संघाशीही सामना आहेच. दुसऱ्या महायुद्धात विद्यार्थी आटल्यामुळे विद्यापीठ अडचणीत आले असता नौदलाने तेथे आपले प्रशिक्षण केंद्र चालविले व त्यास तारले. त्या उपकाराची जाण ठेवून नोत्र दाम दरवर्षी त्यांच्याशी खेळते. १९२७ पासून केवळ २०२० च्या महामारीत या क्रमात खंड पडला. एकीकडे ही कृतज्ञता टिकली; दुसरीकडे १९२६ साली सुरू झालेली सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्धची जुनी लढत मात्र, पुढील करार न जमल्यामुळे, नेमकी शंभराव्या वर्षी होणार नाही. जुन्या प्रेक्षकांस याची चुटपुट लागल्यावाचून राहणार नाही.

या सर्वांच्या मुळाशी पैशाचा प्रश्न आहे, आणि तो टाळून चालणार नाही. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता आपल्या खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका विद्यापीठासाठी ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. श्रमाचा योग्य मोबदला मिळावा, यात पाप नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालीच आपल्या परिपत्रकात हे ठासून सांगितले, आणि मे २०२५ मध्ये निवडले गेलेले पहिले अमेरिकन पोप चौदावे लिओ यांनी त्यांचेच नाव धारण केले आहे. ज्या मुलांच्या खेळावर सर्वांनी पैसा मिळविला त्यांच्याच पदरी काही पडू नये, हे न्यायाचे नव्हते. परंतु आता खेळाडू वर्षावर्षाला विद्यापीठ बदलू लागले आहेत. ज्या मुलास दर वर्षी नवा गणवेश, नवे गाव आणि नवी बोली, त्याचे शिक्षण कोठे मुळे धरणार? शिक्षणाची अट सैल न करता खेळाडूंना पदवीपर्यंत नेण्याबद्दल नोत्र दामची आजवर ख्याती आहे. ती टिकली, तर बारावे अजिंक्यपद लांबले तरी विद्यापीठाचे काही बिघडणार नाही. ती गेली, तर अजिंक्यपद मिळूनही सुवर्णघुमटाची झळाळी उणी होईल.

तेव्हा आमचा अंदाज असा : बारांपैकी दहा सामने हा संघ जिंकावा, अकरा जिंकल्यास आश्चर्य वाटू नये, आणि बाद फेरीत त्यास जागा मिळावी. मात्र हे सारे सप्टेंबरवर अवलंबून आहे. शेतकऱ्यास हे निराळे सांगावयास नको. पेरणीची वेळ हुकली तर पुढे कितीही खुरपणी केली तरी ती तूट भरून निघत नाही. गेल्या वर्षी नोत्र दामने दहा सामन्यांची उत्तम खुरपणी केली, पण पेरणीचे दोन दिवस हुकले होते. गेल्या डिसेंबरचा राग मनात धरून संघ उतरला तर तो राग पहिल्या सामन्यापुरता पुरेल. लांबच्या वाटेस रागाची शिदोरी पुरत नाही. धरलेला चेंडू नीट सावरणे, सोपा गुण सोपा म्हणून न सोडणे, आणि दुबळ्या प्रतिपक्षासही मान देऊन खेळणे, एवढीच शिदोरी बांधली तरी पुष्कळ झाले.

आपल्या घरांतील मुले शाळेच्या संघातून खेळत असतील, त्यांनाही पालकांनी ही एका गुणाची कथा अवश्य सांगावी. आणि ८ सप्टेंबरला देवळात मरियामातेच्या चरणी फुले वाहताना, दूरदेशी तिच्या नावाने खेळणाऱ्या त्या तरुणांचीही आठवण ठेवावी. विजयापेक्षा अधिक, त्यांचे अंग सुखरूप राहो आणि मन स्थिर राहो, एवढेच तिच्याकडे मागावे.